एकटीचे बिऱ्हाड

आमच्या घराण्यातील मुली आजवर सासरी गेल्या, शिक्षणासाठी वसतिगृहात गेल्या, प्रसंगी मामाच्या घरी वर्ष दोन वर्षे राहिल्या. परंतु परगावी जागा भाड्याने घेऊन एकटीने राहणारी मुलगी आमच्या पाहण्यात नव्हती. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडली आणि पुण्यास हिंजवडी येथील एका संगणक कंपनीत तिला नोकरी लागली, तेव्हा हा प्रश्न प्रथमच आमच्या ओसरीवर येऊन बसला. हाती पडणारे वेतन दरमहा २८,००० रुपये. येथील सोनाजी महाराजांच्या मंदिरात नारळ फोडला, आळीत पेढे वाटले, आणि त्याच रात्री दिवा मालवल्यावर आमच्या वृद्ध मातोश्रींनी अंथरुणातूनच विचारले, "अरे, पण पोर राहील कुठं?"

बंधू शेतीच्या कामात गुंतलेले. आम्ही निवृत्त शिक्षक. वेळेखेरीज दुसरे काही आमच्यापाशी मुबलक नाही. तेव्हा मुलीसोबत पुण्यास जाण्याचे काम आमच्याकडे आले. सोनाळ्याहून एस. टी. ने शेगाव आणि तेथून महाराष्ट्र एक्सप्रेस. गाडीत बसताना आमची अशी समजूत होती की दोन दिवसांत काम आटोपून तिसऱ्या दिवशी परत फिरू. या समजुतीस आमचा स्वानुभव कारण होता. जुन्या अकरावीच्या वेळी आम्ही अकोल्यास राहिलो, तेव्हा ज्या पहिल्या वाड्याची कडी वाजविली तेथेच खोली मिळाली. मालकांनी एवढेच विचारले होते, "आडनाव काय तुमचं?" ते सांगितले, आणि संध्याकाळी आमची वळकटी खोलीत जाऊन पडली. त्या एका प्रश्नात किती प्रश्नांची उत्तरे मालकांनी उरकून घेतली होती, हे त्या वयात आमच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते.

पुण्यास आमचे नऊ दिवस गेले.

आमची पुतणी आम्हांस, वऱ्हाडातील रीतीप्रमाणे, मोठेबाबा म्हणते. तिने भ्रमणध्वनीवर जागांची छायाचित्रे अगोदरच जमवून ठेविली होती. त्यांतील सर्वांत नीटनेटकी व सर्वांत स्वस्त जागा बाणेरची होती. मालक म्हणविणाऱ्या गृहस्थाने फोनवर कळविले की आपण परगावी आहो, जागेस मागणी फार आहे, तरी ५,००० रुपये 'टोकन' तत्काळ पाठवावे म्हणजे दुसऱ्या कोणास देत नाही. मुलीचे बोट पैसे पाठविण्याच्या बेतात होते. आम्ही म्हटले, भिंत पाहिल्याखेरीज पैसा नाही. रिक्षा करून त्या पत्त्यावर गेलो तो पहारेकऱ्याने सांगितले की त्या जागेत मूळ मालक सहकुटुंब राहतात, आणि अशी चौकशी करावयास आलेले आम्ही त्या आठवड्यातील तिसरे. त्या दिवशी रिक्षास २४० रुपये पडले. इतका सार्थकी लागलेला खर्च आम्ही अलीकडे केलेला नाही.

पुढे दलाल गाठला. हिंजवडीपासून अंतर बरेच असले तरी मुलींची वस्ती पुष्कळ आहे म्हणून त्याने आम्हांस कर्वेनगरात नेले. हेच जुने हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली येथे आणिला, तेव्हा ही जागा शहराबाहेरचे माळरान होती. निराधार विधवांना शिकण्यासाठी राहावयास छप्पर हवे, एवढ्या गोष्टीपायी त्या गृहस्थाने केवढा लोकरोष सोसला! आज त्या परिसरात गल्लोगल्ली पाट्या दिसतात : 'मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा'. हा शब्द आम्हांस नवा होता. याचा अर्थ असा की खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. आम्ही पाहिलेल्या एका खोलीत चार खाटा, एक लोखंडी कपाट चौघींत, आणि दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांमुळे भर दुपारी दिवा लावलेला. खाटेमागे ७,५०० रुपये, जेवण निराळे, आणि रात्री दहानंतर फाटक बंद. मुलीची पाळी महिन्यातून एक आठवडा रात्री अकरास सुटणार. मग ती आत कशी येणार, असे विचारता उत्तर मिळाले, "मग तिनं अशी नोकरी का धरली?"

सरकारी वसतिगृहांचीही चौकशी केली. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहे बांधण्यास साहाय्य देण्याची केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासूनची आहे. अलीकडे तिला 'सखी निवास' असे गोड नाव मिळाले आहे, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पातही अशा वसतिगृहांचे आश्वासन होते. आम्ही जेथे गेलो तेथे मात्र जागा रिकामी नव्हती.

या हिंडण्यात आम्हांस वारंवार विराटपर्वाची आठवण होई. पांडव अज्ञातवासात विराटनगरीस आले, तेव्हा पाचही भावांना आपापल्या गुणांवर राजाश्रय मिळाला. द्रौपदीची गोष्ट निराळी. वेणी-फणी करणारी सैरंध्री म्हणून ती आली, तो राणी सुदेष्णेने प्रश्नांची सरबत्ती केली : तू कोण, कोठली, इतकी देखणी स्त्री घरात ठेवली तर राजाच मोहात पडेल त्याचे काय? द्रौपदीने आपल्या अटी सांगितल्या, उष्टे खाणार नाही, पाय धुणार नाही. आणि आपले गंधर्व पती अदृश्य राहून आपले रक्षण करतात असे सांगावे लागले, तेव्हा कोठे तिला आसरा मिळाला. आम्ही हे आख्यान मुलांना पुष्कळदा सांगितले, पण त्यातील एक गोष्ट या खेपेस प्रथमच बोचली. आसरा देताना सुदेष्णेने पारख केली ती सैरंध्रीची; धोका निघाला तो राणीच्या स्वतःच्या भावाचा, आणि कीचकाच्या घरी मद्य आणण्याच्या निमित्ताने तिला धाडिली तीही राणीनेच. पुण्यास आम्ही जितकी घरे पाहिली तितक्या ठिकाणी मुलीची चौकशी झाली. लग्न ठरले आहे काय, घरी कोण कोण येईल, स्वयंपाकात अंडे शिजणार काय! जिन्यावर दिवा आहे की नाही, हे आम्ही विचारल्याखेरीज कोणी सांगितले नाही.

सातव्या दिवशी एक चांगली जागा दृष्टीस पडली. घरंदाज वस्ती, खाली मालक-मालकीण, वर दोन खोल्या, दारी प्राजक्त. मुलीबरोबर तिची खामगावची मैत्रीण होती. दोघींना एकाच कंपनीत नोकरी, आणि एकत्र राहावे असा त्यांचा बेत. मालकांनी आम्हांस चहा दिला. आमचे आडनाव ऐकून त्यांना आनंद झाला व दूरचे एक नातेही निघाले. मग त्यांनी मैत्रिणीस आडनाव विचारले. तिने सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. नंतर मालकीणबाई आम्हांस आत बोलावून म्हणाल्या, "तुमच्या मुलीला आम्ही घरच्यासारखी ठेवू हो, भाडंही कमी करू. पण दोघींचं जमायचं नाही."

खरे लिहावयाचे तर त्या क्षणी आम्ही मनातून होकार देऊन चुकलो होतो. सात दिवसांची पायपीट झाली होती, आणि जागा सुरक्षित होती. बाहेर येऊन मुलीस हळूच सांगितले, तो तिने पिशवी उचलली व एवढेच म्हणाली, "चला मोठेबाबा." मैत्रीण पुढे चालत होती, तिला कोणी काही सांगण्याची गरज नव्हती, आणि हा अनुभव तिला नवा नसावा. कोपऱ्यावर वळल्यावर पुतणीने आम्हांस विचारले, "आपली माडी कोणी मागितली असती, तर तुम्ही काय केलं असतं?" आम्ही उत्तर दिले नाही.

शेवटी वाकड येथे जागा मिळाली. तिसरी एक मुलगी सोबत आली. भाडे २१,००० म्हणजे प्रत्येकी ७,०००, आणि अनामत ६०,०००. मालकीण निवृत्त परिचारिका. त्यांनी कंपनीचे पत्र पाहिले, भाडे पाच तारखेच्या आत हवे असे सांगितले, आणि मग मागील दाराची कडी पावसाळ्यात कशी अडते व ती कशी लावावी हे तिघींकडून दोनदा करवून घेतले. आडनावे त्यांनी करारनाम्यात वाचली असतील.

हा करारनामा मुलीच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावा असे आम्हांस वाटते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे तो लेखी व नोंदविलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. मालकाने ती टाळली तर ५,००० रुपयांपर्यंत दंड वा ३ महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे, शिवाय वाद उपस्थित झाल्यास भाडेकरू सांगेल त्याच अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरल्या जातात. अकरा महिन्यांचीच मुदत का, हे कोडे आम्हांस पुष्कळ दिवस होते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरील भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी अकराची युक्ती काढली. आता आपल्या राज्यात अकरासही नोंदणी लागते, तरी आकडा राहिला तो राहिलाच. मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामतीवरील दहा टक्के मानीव व्याज यांवर शेकडा पाव रुपया, म्हणजे आम्हांस सहाशेच्या आतबाहेर पडले. नोंदणीचे १,००० निराळे. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र घेऊन माणूस घरी आला. पोलिसांस भाडेकरूची माहिती संगणकावरून कळविली. (भाडे हा शब्द संस्कृत 'भाटक' यापासून आला, हे आम्ही त्या यंत्रवाल्यास सांगितले, त्याने मान डोलविली.)

निघण्याच्या आदल्या रात्री साडेअकरास आम्ही कंपनीची गाडी जेथे सोडते तेथपासून इमारतीच्या दारापर्यंत चालून पाहिले. २००७ साली याच पुण्यात रात्रपाळीस निघालेल्या एका तरुण नोकरदार मुलीचा, कंपनीनेच पाठविलेल्या मोटारीच्या चालकाने साथीदारासह घात केला, तो वृत्तान्त आम्ही विसरलो नव्हतो. वाटेत दिवे चौदा, त्यांतील तीन बंद. औषधाचे दुकान उघडे. मुलगी हसत होती. आम्ही बंद दिव्यांचे क्रमांक टिपून तिच्या हाती दिले व महापालिकेस कळविण्यास सांगितले.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. १९९४ साली येथील प्राथमिक शाळेवर वर्ध्याकडील एका तरुण शिक्षिकेची नेमणूक झाली होती. तिचे वडील तिच्यासोबत आले होते. डोक्यावर टोपी, हातात पत्र्याची पेटी. आमच्याच ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि माडी भाड्याने मागितली. माडी रिकामी होती. आम्ही विचारले, लग्न ठरले आहे काय, भेटावयास कोण येईल, मंडळी कोण? मग सांगितले की घरात शिकवणीची मुले येतात, माणसे जुन्या वळणाची, जमणार नाही. त्या गृहस्थांनी हात जोडले. मुलगी दोन वर्षे शेगावाहून एस. टी. ने ये-जा करीत होती. पावसाळ्यात नाल्यास पूर आला की गाडी उशिरा येई, आणि भिजलेली छत्री मिटीत ती आमच्या माडीखालूनच शाळेकडे धावत जाई. त्या माडीत तेव्हा आमच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. पुढे तिची बदली झाली. नाव आम्हांस आठवत नाही.

घरी आल्यावर हे आम्ही कुटुंबास सांगितले. ती भाजी निवडीत होती. म्हणाली, "मला तेव्हाच वाईट वाटलं होतं. तुम्ही मला विचारलं कुठं?"

मुलीचा करार पुढील वैशाखात संपतो. मालकीणबाई वाढवून देतील असे ती लिहिते. माडीवरील गठ्ठे आम्ही रद्दीत घातले, जिन्यात दिवा लाविला, दारास आतून नवी कडी बसविली. शाळेत, टपाल कचेरीत व बँकेत सांगून ठेविले आहे. दिवाळी झाली, अद्याप कोणी विचारावयास आलेले नाही.