घारींवर नजर

फ्लाइंग इन्स्ट्रक्टर म्हणून उमेदीची वर्षं गेली, पुढे डीजीसीएत, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात, फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर झाले. घर मात्र कायम मुंबईत, देवनारला. इथला कत्तलखाना १९७१ पासूनचा, डम्पिंग ग्राउंड तर १९२७ पासूनचं. दोन्हींवर दिवसभर घारी असतात. आमच्या गच्चीवरून त्या दिसल्या की मी आधी त्यांची उंची बघते आणि मग सांताक्रूझ विमानतळावर उतरणारं विमान कुठे आहे ते.

शिकवायचे तेव्हा पहिली सॉर्टी उजाडताच काढायचा माझा आग्रह असे. ऊन चढलं, जमीन तापली की वर जाणाऱ्या गरम हवेवर घारी पंख न हलवता चढत जातात आणि नेमक्या सर्किटच्या, म्हणजे धावपट्टीभोवती घालायच्या फेरीच्या, उंचीवर येतात. एकदा एका विद्यार्थ्याबरोबर सेसना १५२ मध्ये फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, होते. डावीकडून घार समोर आली. त्याने नाक खाली दाबायला सुरुवात केली. ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणत मी थ्रॉटल पुढे केला आणि नाक हलकेच वर घेतलं. दचकलेला पक्षी बहुधा खाली सूर मारतो, म्हणून आपण वर जायचं. पण जमिनीजवळ वेग घालवायचा नाही. तरीही उजव्या पंखावर धप्प आवाज झालाच. गो-अराउंड करून, म्हणजे पुन्हा वर जाऊन फेरी मारून, उतरलो. पंखाच्या पुढच्या कडेला वाटीएवढा पोचा, त्यात रक्त आणि चिकटलेलं एक तपकिरी पीस.

पोरगा पोच्यावरून बोट फिरवत म्हणाला, “मॅडम, हे लिहायलाच हवं का? माझी चेक फ्लाइट आलीय.”

“आजच लिही. वेळ, उंची, वेग, सगळं. पीससुद्धा पिशवीत घालून ठेव.”

त्याच्यावर काहीही कारवाई झाली नाही, आणि तेच योग्य होतं. त्याच्या अहवालामुळे धावपट्टीच्या टोकाशी कोणीतरी मेलेली जनावरं टाकतंय हे उघडकीस आलं. पोरगा घाबरून गप्प बसला असता तर पुढच्या सोलोवाल्याला तिथेच घारी भेटल्या असत्या.

इन्स्पेक्टर झाल्यावर ऑडिटला गेले की लॉगबुकांआधी मी घटनांचं रजिस्टर मागायचे. ज्या फ्लाइंग स्कूलचं रजिस्टर कोरं, तिथे जास्त वेळ थांबायचे. विमानं उडतात आणि वर्षभर काहीच घडत नाही, यावर माझा विश्वास नाही. तिथे मुलांना लिहायची भीती वाटते, एवढंच मला त्यातून कळायचं.

त्या दिवशी सेसनाच्या वेगाला नुसता पत्रा वाकला. उतरणारं जेट त्याच्या दुपटीहून जास्त वेगात असतं आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपटीहून जास्त. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर दुबईहून येणारं विमान रोहित पक्ष्यांच्या थव्याला धडकलं. सुमारे चाळीस पक्षी मेले, विमान सुखरूप उतरलं. ते रोहित ठाणे खाडीचे, त्यांना कचऱ्याने बोलावलं नव्हतं. घारींना मात्र आपणच बोलावतो.

विमान नियम, १९३७ मधला नियम ९१ विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकायला मनाई करतो. हॉटेलं, मटणाची आणि मासळीची दुकानं यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. देवनार सांताक्रूझ विमानतळाच्या या दहा किलोमीटरच्या आत येतं. डम्पिंगचा आणि कत्तलखान्याचा प्रश्न सरकारने आणि पालिकेने सोडवायचा आहे, त्यासाठी मागे लागायलाच हवं. पण गल्लीतला कचरा आपला आहे.

म्हणून देवनार-गोवंडीतल्या दुकानदारांना आणि सोसायट्यांना कळकळीची विनंती: आतडी, पिसं, माशांची डोकी नाल्यात किंवा उघड्यावर टाकू नका. झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पालिकेच्या गाडीतच द्या. पुण्य म्हणून घारींना मांसाचे तुकडे उडवणाऱ्यांनीही ते थांबवावं.