खतावणीत न चढलेल्या गोळ्या

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक सवय जडते. कर्जदार काय सांगतो यापेक्षा तो काय सांगत नाही, याकडे त्याचे लक्ष अधिक जाते. दुकानात माल किती आहे, हे व्यापारी उत्साहाने सांगतो; हातउसने किती आहेत, हे मात्र खोदून विचारावे लागते. गेल्या वर्षी जूनमध्ये नेरूळ येथे एका तरुण डॉक्टरबाईंच्या समोर बसलो, तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली होती. विचारणाऱ्या त्या होत्या आणि हातउसने लपवणारा मी.

माझ्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. निवृत्तीपूर्वी बार्शीला असतानाच झीज सुरू झाली. तेथील आमचे डॉक्टर वडिलांच्या काळापासूनचे, घरातल्यासारखे. त्यांनी आरंभी डायक्लोफेनॅक दिले, पुढे ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली. सकाळी एक, सूर्यास्तापूर्वी एक. या गोळ्यांनी पोटाला इजा होते, म्हणून सोबत रोज सकाळी उपाशीपोटी घेण्याची पित्ताची एक कॅप्सूल लिहून दिली होती.

पुढे एका चातुर्मासात प्रवचनानंतरच्या चर्चेत कॅप्सूलच्या कवचाचा विषय निघाला. हे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात, हे त्या दिवशी प्रथम नीट कळले. घरी आलो आणि कॅप्सूलचा डबा कपाटाच्या मागच्या बाजूस ठेवून दिला. त्यानंतर सहा वर्षांत एकही कॅप्सूल घेतली नाही.

येथवर माझे काही चुकले, असे आजही मला वाटत नाही. चुकले ते पुढे. डॉक्टरांना मी हे सांगितलेच नाही. का सांगितले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भीती नव्हती, संकोच होता. इतक्या वर्षांच्या माणसाला ‘तुमचे हे औषध आम्हांला चालत नाही’ म्हणणे म्हणजे त्यांच्या विद्येवर बोट ठेवल्यासारखे वाटे. शिवाय ‘तुम्हां लोकांचे फारच नियम असतात बुवा’ हे वाक्य, ते थट्टेने म्हटलेले असले तरी, आपण प्रत्येकाने कोठे ना कोठे ऐकलेले असते. ते पुन्हा ऐकावे लागू नये, म्हणून मी मान डोलावून चिठ्ठी घेत असे. डॉक्टर विचारीत, “पोट ठीक?” मी म्हणे, “उत्तम.” घरी आल्यावर ताक आणि जिरे.

दुखणे वाढत गेले तशी तिसरी गोळी मी माझ्याच अधिकारात मंजूर केली. तीही पुरेना, तेव्हा वर साध्या पॅरासिटामॉलच्या साडेसहाशेच्या तीन गोळ्या. औषधाच्या वेष्टनावर लाल रेघ असते, म्हणजे ते चिठ्ठीशिवाय देऊ नये, एवढे मला ठाऊक होते. पण माझ्याकडे एक जुनी, घडीवर झिजलेली चिठ्ठी होती आणि दुकानदार ओळखीचा होता.

मुलाकडे नेरूळला राहायला आलो आणि ही व्यवस्था मोडली. येथल्या दुकानदाराने चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि हात जोडून नकार दिला. त्या वेळी मला त्याचा राग आला होता. नव्या डॉक्टरांकडे गेलो तो केवळ ताजी चिठ्ठी मिळवायला, आणि जमल्यास याहून जोराची गोळी मागायला.

“काका, दिवसाला किती गोळ्या घेता?” त्यांनी विचारले.

“दोन,” मी म्हणालो. शेजारी बसलेली सौ. आपल्या पिशवीची चेन उघडझाप करू लागली.

त्यांनी चिठ्ठी दिली नाही. रक्त तपासायला सांगितले. अहवाल आला. क्रिॲटिनिन १.९, हिमोग्लोबिन ९.८. दुसऱ्या भेटीत त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “दोन गोळ्यांचा हा हिशेब दिसत नाही, काका.”

मी उत्तर जुळवू लागलो. तोवर सौ.ने पिशवी टेबलावर उपडी केली. महिन्याभराची रिकामी वेष्टने तिने जमवून आणली होती. पस्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या गोदामांची अचानक तपासणी केली. माझ्या गोदामाची तपासणी माझ्याच घरातून झाली.

डॉक्टरांनी वेष्टने मोजली. आवाज चढवला नाही, ही त्यांची थोरवी. एकत्र गोळीतही पॅरासिटामॉल आहे आणि वेगळ्या गोळीतही तेच आहे, हे त्यांनी बेरीज करून दाखवले. एकच खातेदार दोन नावांनी उचल करीत होता आणि ते मला, एम.कॉम. झालेल्या माणसाला, कधी दिसले नव्हते. मग त्यांनी रक्तदाबाची गोळी पाहिली. तिच्यात टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध एकत्र होते. या दोहोंवर वेदनाशामकाची भर पडली की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होते, आणि अंगात पाणी कमी असेल तर धोका फारच वाढतो, असे त्यांनी सांगितले. अंगात पाणी कमी! मी अष्टमी-चतुर्दशीला चौविहार उपवास करीत होतो आणि पारण्यानंतर राहिलेली कसर म्हणून एक गोळी जास्त घेत होतो.

तेही सांगितले. एकदा सांगू लागल्यावर थांबणे कठीण झाले. सर्वांत शेवटी कॅप्सूलची गोष्ट सांगितली.

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पण काका, पित्ताचं औषध साध्या गोळीतही मिळतं. पॅन्टोप्राझोलची गोळी. कवच नाही, काही नाही.” आणि त्यांनी ती लिहून दिली. या सगळ्याला एक मिनिट लागले नसेल. त्या एका मिनिटासाठी मी सहा वर्षे गप्प बसलो होतो. पुढे दुर्बिणीच्या तपासणीत जठरात लहानसा व्रण निघाला. त्यातून थोडे थोडे रक्त जात होते.

यानंतर जे बोलणे झाले, त्यालाच मी खरे औषध बदलणे म्हणतो. ॲसिक्लोफेनॅक त्या दिवसापासून बंद. रक्तदाबाची गोळी बदलली. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही मोजून. गुडघ्यांना वरून लावायचे मलम, तेही मोजकेच. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम. आणि सहा किलो वजन कमी. वेळा ठरवताना त्यांनी रात्री दहाची मात्रा सांगितली. मी म्हटले, “सूर्यास्तानंतर आम्ही पाणीही घेत नाही.” त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, “मग तुमचा दिवस मला नीट सांगा.”

कोणत्याही डॉक्टरांनी मला हे पूर्वी विचारले नव्हते. आणि खरे तर मीही कोणाला आपणहून सांगितले नव्हते. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे, सामायिकही तेवढ्याच वेळेचे, ते बसून करायचे, हे सर्व त्यांनी लिहून घेतले. आपल्याकडे सूर्यास्त जुलैत सव्वासातच्याही पुढे असतो, तर नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास होतो. म्हणजे शेवटची मात्रा ऋतूप्रमाणे सरकणार. त्यांनी तसे वेळापत्रक आखले. “रात्रीचं दुखणं सोसाल?” “सोसेन.” “मग व्यायाम चुकवायचा नाही. आणि उपवास केलात तर पाण्याशिवाय नाही. हे माझं ऐकावं लागेल.”

ही दुसरी अट मला जड गेली. साध्वीजींना जाऊन विचारले. त्यांनी आठवण करून दिली की पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत आणि शरीराची समाधी ढळू लागली असता औषधासाठीही त्यांत आगार आहे. वर्षानुवर्षे तो पाठ मी म्हणत आलो, पण करारातील हे कलम मी कधी वाचलेच नव्हते. आता उपवास तिविहार, दिवसा उकळलेल्या पाण्यासह.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. गोळी सुटल्यावर गुडघ्यांनी सगळी थकबाकी एकदम मागितली. रात्री कूस बदलणे हेही एक काम होऊन बसले. त्याहून अवघड होते स्थानकात खुर्चीवर बसणे. भिंतीलगतच्या खुर्च्यांच्या त्या रांगेकडे मी आजवर जमिनीवरून पाहत आलो होतो, आणि खरे सांगायचे तर थोड्या अभिमानाने. तो अभिमान तीन गोळ्यांच्या आधारावर उभा होता, हे मला एकट्याला ठाऊक होते. पहिल्या दिवशी मान खाली घालूनच जाऊन बसलो. शेजारचे एक वृद्ध व्यापारी हळूच म्हणाले, “या, जागा राखून ठेवली होती.”

याच दिवसांत एक जुनी गोष्ट आठवली आणि झोप उडाली. बार्शीत असताना गावच्या गोशाळेचे हिशेब मी तपासत असे. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये संशोधकांनी दाखवले. पांढऱ्या पाठीची गिधाडे आपल्या देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून आम्ही मेलॉक्सिकॅम घेऊ लागलो, आणि औषधखरेदीच्या नोंदीवर ‘डायक्लोफेनॅक घेऊ नये’ असा शेरा मी स्वतः मारला होता. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाले, ते गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच बनते म्हणून. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की माणसाची गोष्ट निराळी, आपले शरीर हे औषध गिधाडांपेक्षा फार लवकर बाहेर टाकते. ते खरे असेलच. पण न पाहिलेल्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडांसाठी शेरा मारणाऱ्या माणसाने स्वतःच्या मूत्रपिंडांसाठी साधा प्रश्नही विचारला नाही, ही खोच मनातून जात नाही.

पर्युषणापूर्वीच्या तपासणीत क्रिॲटिनिन १.४ वर आले, हिमोग्लोबिन ११.६. गुडघे आजही दुखतात. ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या सपाट वाटेवर सकाळी अर्धा तास चालतो, जिने टाळतो. गोळ्यांची नावे येथे दिली आहेत ती माझ्या हिशेबापुरती. ती वाचून कोणी आपल्या गोळ्यांत स्वतः फेरबदल करू नये.

संवत्सरीच्या दिवशी बार्शीच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. आता तेही दवाखान्यात क्वचितच बसतात. मिच्छामि दुक्कडम् म्हटले आणि कशाबद्दल तेही सांगितले : सहा वर्षे कॅप्सूल घेतली नाही, पोट उत्तम असल्याचे खोटे सांगितले, तुमच्या चिठ्ठीवर तुम्ही न लिहिलेल्या गोळ्या घेतल्या. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “अरे, मला वाटायचं, औषधच लागू पडत नाही. माझ्याच निदानाची मला शंका यायची.” माझ्या गप्प राहण्याचा भार त्या माणसावरही पडला असेल, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

मग त्यांनी विचारले, “वहिनींनाही मी कॅल्शियमबरोबर एक कॅप्सूल दिली होती. ती तरी त्या घ्यायच्या का?”

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. सौ. पोळपाट ठेवून दारात येऊन उभी राहिली होती. तिने हात पुसले आणि फोन मागण्यासाठी पुढे केला.