घर पाहावें राखून

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्याकडे जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. घर बांधणें किती जिकिरीचें असतें तें ज्यानें बांधलें त्यालाच कळतें, हा या म्हणीचा आशय. तो खरा आहे. परंतु म्हण तेथेंच थांबते. वास्तुशांत झाली, आप्तेष्ट जेवून गेले, म्हणजे घराचें काम संपलें, असा समज त्यांतून होण्याचा संभव आहे. कोंकणांत ज्याचें लहानसें घर आणि चार गुंठ्यांची वाडी आहे, त्याला हा समज फार दिवस बाळगतां येत नाहीं. त्याचें घर दरवर्षीं थोडेंथोडें पडत असतें, आणि त्याला तें दरवर्षीं थोडेंथोडें बांधावें लागतें. या दुसऱ्या बांधण्याविषयीं मीं कोणाच्या तोंडून म्हण ऐकलेली नाहीं. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमचें घर दापोली तालुक्यांतील एका खेड्यांत आहे. पुढें ओटी, मध्यें माजघर, बाजूला कोठीची खोली, मागें स्वयंपाकघर व पडवी, एवढाच त्याचा विस्तार. जोतें जांभ्या दगडाचें, भिंती खालीं चिऱ्यांच्या व वर मातीच्या, आणि माथ्यावर मंगळुरी कौलें. जांभा हा आमच्या भूमीचा स्वतःचा दगड. खाणींतून ताजा निघालेला जांभा इतका मऊ असतो कीं, साध्या हत्यारानें त्याचे चौकोनी चिरे पाडतां येतात. पुढें वारा लागून तो वाळला म्हणजे टणक होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश वैद्यानें मलबारांत हा दगड पाहिला, आणि १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' हें नांव दिलें. नांव त्यानें दिलें. चिरे पाडण्याची विद्या मात्र येथील पाथरवटांच्या हातीं त्याच्या कितीतरी आधींपासून होती.

या प्रदेशांत वर्षाकांठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर, आणि कित्येक वर्षीं त्याहूनहि अधिक, पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. घर एकदम कोसळतें असें पुष्कळांस वाटतें; वस्तुतः तें फार सावकाश पडतें. माकडाच्या उडीनें किंवा वाऱ्यानें एक कौल सरकतें. तेथून पाणी रिपेवर ठिबकतें, रिपेवरून वाशावर उतरतें. ओला वासा मऊ होतो. वाळवी जमिनीपासून भिंतीवरून मातीची नळी बांधीत बांधीत त्याच्यापर्यंत पोहोंचते. वासा वांकला कीं आणखी दहा कौलें सरकतात, भिंतीचा माथा भिजतो, आणि मातीची भिंत एकदां माथ्यावरून भिजली कीं तिला आधार देणें कठीण. ज्या घरांत माणूस राहतें तेथें पहिल्या ठिबकण्यालाच कोणीतरी वर पाहतें. बंद घरांत वर पाहणारें कोणी नसतें. म्हणूनच आमच्या आळींतील दोन बंद घरें थोड्याच पावसाळ्यांत नुसतीं जोतीं होऊन राहिलीं आहेत. जोत्यांवर आतां रानमोडी माजली आहे.

आमच्या घरांत माझी आत्या राहत असे. तिचें वय त्यावेळीं अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें. आम्हीं भावंडें नोकरीच्या निमित्तानें चार गांवीं पांगलेलीं. वर कोठें पाणी ठिबकतें हें पाहणारी ती एकटीच. अशांत २०२० सालच्या ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकलें. दापोली व मंडणगड या शेजारच्या तालुक्यांनाहि त्याचा तडाखा बसला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि असंख्य घरांचीं छपरें उडालीं. आमच्या घराचें पश्चिमेचें पाखें एका दुपारींत उघडें पडलें. आत्या शेजाऱ्यांच्या माजघरांत होती म्हणून वांचली. टाळेबंदीमुळें आम्हांला लगेच पोहोंचतां आलें नाहीं. शेजाऱ्यांनींच ताडपत्री बांधली. त्या वर्षीं कौलें मिळत नव्हतीं, गडी मिळत नव्हता, आणि चार दिवसांवर मृग नक्षत्र आलेलें. अर्धें घर तो सारा पावसाळा ताडपत्रीखालीं राहिलें.

दिवाळींत आम्हीं सर्व भावंडें त्या ओटीवर बसलों, तेव्हां प्रश्न उघडपणें पुढें आला. दुरुस्तीचा खर्च मोठा होता. जागेला गिऱ्हाईक आलेलें होतें. आणि आत्याला कोणाच्या तरी घरीं नेणें शहाणपणाचें दिसत होतें. कोणी कोणावर रागावलें नाहीं. प्रत्येकाच्या म्हणण्यांत तथ्य होतें, आणि त्यामुळेंच तें बोलणें अधिक जड झालें. आत्या बराच वेळ गप्प होती. मग ती एवढेंच म्हणाली, "विकायचें असेल तर विका, बाबांनो, पण पडूं देऊं नका." घेणारा घर पाडून जमीन मोकळी करणार होता, हें तिला ठाऊक नव्हतें, आम्हांला होतें. तें तिला सांगण्यास कोणाचीहि जीभ उचलेना. शेवटीं धाकट्या भावानें गिऱ्हाइकाला नकार कळविला, आणि खर्चाची वांटणी तेथेंच ओटीवर झाली.

२०२१ च्या फेब्रुवारींत छपराला हात घातला. पश्चिमेचें पाखें पूर्ण उतरविलें. चांगलें कौल आणि चिरलेलें कौल यांची परीक्षा आमच्या जुन्या गड्यानें मला शिकविली. कौल एका हातावर तोलून बोटाच्या पेरानें टिचकी मारावयाची. सबंध कौल खणखणतें, चिरलेलें बदबद वाजतें. अशा रीतीनें निम्म्याहून अधिक कौलें पुनः वर चढविण्याजोगीं निघालीं. या कौलांचा इतिहास आपल्या मासिकाच्या वाचकांना रुचण्यासारखा आहे. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं मंगळूर येथें यंत्रानें कौलें पाडण्याचा पहिला कारखाना उभारला. पूर्वींचीं नळीचीं कौलें एकमेकांवर नुसतीं टेकून राहत. नव्या कौलाला खांचा असतात. एकाची कड दुसऱ्याच्या खांचेंत बसते, म्हणून थोडक्या कौलांत अधिक जागा झांकली जाते आणि छपराचा भारहि कमी होतो. तीं कौलें समुद्रमार्गें दूरदूरच्या बंदरांत गेलीं, आणि त्या शहराचें नांव कौलालाच चिकटलें.

गांवांतील पुष्कळ घरांवर वादळानंतर कौलांच्या जागीं पत्रे आले. त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. पत्रा लवकर चढतो, आणि ज्याच्या डोक्यावर छप्पर नाहीं त्यानें सौंदर्याचा विचार कोणत्या वेळीं करावा? आम्हींहि मागील पडवीवर पत्रेच घातले. उन्हाळ्यांत ते तापतात व पावसांत त्यांच्याखालीं बोललेलें ऐकूं येत नाहीं. पण लांकडें कोरडीं राहतात. वासे बदलतांना नव्या लांकडांना काजूच्या टरफलाचें तेल लावलें. तें अंगाला लागलें तर फोड येतात. पण वाळवी त्यापासून दूर राहते असा येथील लोकांचा जुना अनुभव आहे. छप्पर पुरें झालें आणि मे महिन्याच्या मध्यास 'तौक्ते' वादळ किनाऱ्याजवळून गेलें. आमचीं पांच-सहा कौलें सरकलीं, इतकेंच. त्या रात्रीं आम्हीं दूरच्या गांवीं बसून आत्याच्या दूरध्वनीची वाट पाहिली, ती कधीं विसरणार नाहीं.

भिंतींचें काम पुढील मे महिन्याच्या सुटींत घेतलें. भिंतींचा जुना गिलावा जागोजाग सुटला होता, आणि सिमेंटाचा गिलावा करून एकदांच मोकळें व्हावें असा बहुतेकांचा सल्ला पडला. गांवांतील वृद्ध गवंडी तेवढा अडून बसला. तो म्हणाला, "मास्तर, मातीच्या भिंतीला सिमेंटाची बंडी घातलीत, तर आंतला घाम जाईल कोठें?" त्याच्या बोलण्यांत शास्त्र आहे. मातीची भिंत जमिनींतून ओल वर ओढते आणि ती बाहेरच्या वाऱ्याला देते. सिमेंटाचा थर ती वाट बंद करतो. ओल आंतच कोंडून राहते, माती भुसभुशीत होते, आणि वरून भिंत धड दिसत असतां आंतून खचते. चुन्याचा गिलावा ओलीला वाट देतो. चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून हळूहळू पुनः चुनखडीचें रूप घेतो, म्हणून तो घट्ट होण्यास वेळ लागतो. पण घट्ट झाल्यावरहि भिंतीशीं वैर करीत नाहीं. आम्हीं चुना पसंत केला. कामास तीन आठवडे लागले, आणि सुटीहि तेवढ्यांत संपत आली.

जमीन मात्र आत्याच्या देखरेखीखालीं झाली. ओटीची जुनी जमीन खणून, माती चाळून, भिजवून, तिचा थर दिला आणि तो चोपण्यानें चोपला. आत्या पाटावर बसून पाहत होती. चोपण्याचा आवाज कोठें पोकळ येतो तें तिला बसल्या जागीं कळे, व ती काठीनें तेवढी जागा दाखवी. मग शेणाचें सारवण. पहिला हात तिनें स्वतः फिरविला. तिचा हात थरथरत होता, पण सारवणाची पुडी एकसारखी उमटली. माझ्या भाचीनें शेजारीं बसून दुसरी ओळ धरली, ती वांकडी गेली. "वांकडी गेली तरी चालेल," आत्या म्हणाली, "वाळायच्या आधीं पाय देऊं नकोस म्हणजे झालें."

घराबाहेरचें काम तर कधींच संपत नाहीं. गडगा जागोजाग ढासळला होता. हा गडगा म्हणजे चुना-माती न घालतां नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेली भिंत. दोन दगडांमधून पावसाचें पाणी निघून जातें, म्हणूनच तो इतक्या पावसांत टिकतो. भेगा बुजविल्या तर मागें पाणी तुंबून तोच गडगा पडेल. विहिरीचा गाळहि मे महिन्यांतच काढावा लागतो, कारण तेव्हांच पाणी तळाला जातें. इतका पाऊस पडून आमच्याकडे उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई असते, याचें नवल परगांवच्या माणसांस वाटतें. परंतु जांभा सच्छिद्र आहे आणि भूमि उताराची. पाणी आंत मुरतें तसेंच भराभर निघून समुद्राला मिळतें. वाडींत उन्मळलेल्या पोफळींच्या जागीं नवीं रोपें लावलीं. कोंवळ्या पोफळीला ऊन सोसत नाहीं, म्हणून मध्यें सावलीसाठीं केळी लाविल्या. पोफळ फळाला येण्यास साधारण सहा-सात वर्षें लागतात. आत्यानें रोपें मोजलीं, आणि फळाची गोष्ट न काढतां उन्हाळ्यांत त्यांना पाणी कोण घालणार एवढेंच विचारलें. त्या प्रश्नाला आम्हांला नांवनिशीवार उत्तर द्यावें लागलें, आणि तेव्हांपासून प्रत्येकाचा महिना ठरलेला आहे.

या सर्व खटाटोपाचा हिशेब मांडला तर तो तोट्याचाच निघेल. त्या पैशांत शहरांत एखादी खोली घेतां आली असती, असें आमचे हितचिंतक म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. परंतु घर राखतांना जें हातीं लागलें तें हिशेबाच्या वहींत मांडण्याची सोय नाहीं. चार गांवीं पांगलेलीं भावंडें वर्षांतून दोनदां एका छपराखालीं येतात, तीं सणासाठीं नव्हे, तर कामासाठीं. आणि कामाच्या ठिकाणीं जुनीं रुसणीं फार वेळ टिकत नाहींत. आमच्या मुलांना रीप कोणती व वासा कोणता हें कळूं लागलें आहे. आणि आत्या आपल्याच माजघरांत निजते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांचें असें एखादें घर कोठेंतरी असेल. आजोळचें, चुलत्यांचें, किंवा कुलूप घातलेलें. तुमचें वय घर बांधण्याचें नाहीं. पण राखण्याला वयाची अट नाहीं. येत्या सुटींत तेथें जाल तेव्हां आंब्यांबरोबर एक दिवस घरालाहि द्या. कौलें चाळणाऱ्या गड्याच्या हातीं खालून कौल द्या, भिंतीवर वाळवीची नळी दिसली तर ती मोडा, पन्हळींतील पाला काढा. आणि घरांत कोणी वृद्ध माणूस असेल, तर मागील पावसाळ्यांत कोठें ठिबकलें होतें तें त्याला विचारा. तें त्याच्या अचूक लक्षांत असेल, आणि तुम्हीं विचारावें म्हणून तें पुष्कळ दिवस वाट पाहत असेल.