ट्यूबवरील बारीक अक्षरे

बिस्किटाच्या पुड्यावरील बारीक अक्षरे आपल्या जैन घरांत लहान मूलही वाचते. अंडे, जिलेटिन, कांदा-लसूण नाही ना, याची खात्री झाल्यावरच पुडा उघडतो. मलमाच्या ट्यूबला मात्र ही कसोटी लागत नाही.

चातुर्मासात सीताबर्डीच्या पेठेत दमट हवा कोंडते. दिवसभर दुकानात घामेजलेल्या आमच्या एका शेजाऱ्यांना जांघेत नायटा झाला. चिठ्ठीविना आणलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत शमली. महिन्याभरात चट्टे घरातील चौघांच्या अंगावर उमटले.

त्या मलमात बुरशीनाशक व प्रतिजैविकाबरोबर क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड होते. स्टेरॉइड खाज दाबते, तशीच त्वचेची प्रतिकारशक्तीही. बुरशी पसरतच राहते. त्वचा पातळ होऊन कायमच्या रेषा पडतात, त्या वेगळ्याच. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली.

नायटा बुरशीचा, पू धरलेले फोड बहुधा जिवाणूंचे. एकाचे औषध दुसऱ्यास लागू पडत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडून निदान करून घ्यावे. बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही थोडे लावावे, डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. प्रतिजैविक मलम नेमून दिलेल्या दिवसांपुरतेच. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा.

आहारात आपण जो विवेक पाळतो, तोच औषधातही पाळावा. ट्यूबवर नावाच्या शेवटी ‘सोल’ वा ‘सोन’ दिसले, तर लावण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.