ग्लास महाग झाला म्हणून सुरा बदलत नाही



हा लेख लिहावा की नाही यावर आम्हा नवरा-बायकोत बरेच दिवस वाद चालला. चळवळीत काम करणाऱ्यांनी स्वतःची चूक चारचौघांत सांगितली की विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळतं, असं घरातलं एक मत. दुसरं मत असं की, वस्तीतल्या माणसाने जी गोष्ट आपल्यासमोर उभं राहून कबूल करावी असा आपला आग्रह असतो, तीच आपण लपवली तर आपल्या प्रबोधनाला अर्थ काय? शेवटी दुसरं मत टिकलं. म्हणून लिहितो आहोत.

आम्ही हिंगोली जिल्ह्यात वस्त्यांवर काम करतो. बचत गट, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज आणि व्यसनमुक्ती. देशी दारूच्या दुकानासमोर बायांबरोबर ठिय्या देऊन बसलो आहोत, शेताच्या बांधाला पुरलेले हातभट्टीचे कॅन उकरून काढायला गेलो आहोत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणताना दारूची प्रतिज्ञा आली की आमचा आवाज जरा मोठाच होतो. आणि याच आम्ही दोघांनी गेल्या दोन वर्षांत पुण्यातल्या दोन क्राफ्ट ब्रुअरी, छत्रपती संभाजीनगरचा एक बिअर बार आणि नांदेड रस्त्यावरच्या एका परमिट रूमचा फॅमिली सेक्शन असे मिळून सहा वेळा गाठले. तिथे लिंबूपाणी पीत बसलो नव्हतो.

सुरुवात पुण्यात झाली. एका प्रशिक्षणासाठी गेलो होतो. विद्यापीठातले जुने मित्र भेटले, म्हणाले, चला, एक जागा दाखवतो. क्राफ्ट बिअर म्हणजे काय ते आम्हाला तिथे कळलं. कारखान्यात लाखो बाटल्या भरण्याऐवजी त्याच जागी लहान प्रमाणात बिअर तयार करायची आणि ताजी ताजी विकायची. भारतातल्या या लाटेत पुणं सुरुवातीपासून होतं. डूलाली ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक तिथे २००९ साली उघडली. काचेच्या भिंतीपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या. सातूला मोड आणून, वाळवून त्याचा माल्ट करतात, तो भरडून गरम पाण्यात भिजवतात, गोड पाणी गाळून हॉप्सच्या फुलांसोबत उकळतात, थंड करून यीस्ट घालतात. मित्र सांगत होते, गव्हाच्या या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो बघ. आम्ही वास घेतला. खरंच येत होता.

खोटं बोलणार नाही. आम्हाला तिथे आवडलं. आमच्यापैकी एकीने तर आयुष्यात पहिल्यांदा रात्री नऊ वाजता नवऱ्याबरोबर अशा ठिकाणी बसून मोकळेपणी गप्पा मारल्या, आणि आजूबाजूचं कुणी टक लावून बघत नव्हतं. आमच्या आजोबांच्या पिढीला गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी असायची, ती स्वतःच विसळून बाहेर ठेवावी लागायची. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा सर्वांना खुल्या असतील असं बाबासाहेबांना लिहावं का लागलं, हे ज्या घराने भोगलं त्या घरातले आम्ही. त्या खुर्चीवर बसताना छाती भरून आली, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

चूक पुढे झाली. हा आनंद खुर्चीचा होता. आम्ही तो ग्लासाच्या नावावर लिहून टाकला. मग परत गेलो, पुन्हा गेलो. हिंगोलीत तर जाता येत नाही, सगळे ओळखतात. म्हणून कधी संभाजीनगर, कधी नांदेड रस्ता. मनाची समजूत ठरलेली होती : ही काही दारू नव्हे, बिअर आहे. अल्कोहोल कमी. आपण काही नालीत पडत नाही. आपण आस्वाद घेतो.

शेवटच्या वेळी पुन्हा पुण्यातच होतो. ग्लास आणणारा पोरगा विशी-बाविशीचा. बोलण्यावरून मराठवाड्याचा वाटला, म्हणून विचारलं, गाव कोणतं? तर म्हणाला, सेनगाव तालुका. टेबलावर आमचा फोन पडला होता, त्याच्या कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो. पोराने तो पाहिला, आणि ट्रे सांभाळत हळूच म्हणाला, "जय भीम, सर. जय भीम, ताई."

आम्ही जय भीम म्हणालो. पण त्याआधी आमच्यापैकी एकीचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने फोन पालथा घातला.

पोरगा बोलका होता. बारावीनंतर आला, आठ जण एका खोलीत राहतात, रात्री दीडला सुट्टी होते. आम्ही विचारलं, तू घेतोस का रे? तो हसला. "नाही सर. घरी आईने शपथ घातली. बापाचं बघितलंय ना." बिल साडेअकराशे झालं. तेवढ्या पैशासाठी हळद काढणाऱ्या बाईला आमच्याकडे तीन-चार दिवस वाकावं लागतं.

परतीची बस वाळूजवरून जाते. तिथली एमआयडीसी दिसली तेव्हा आमच्यात बोलणं नव्हतं. मराठवाडा पाण्यासाठी जसा ओळखला जातो तसाच बिअरच्या कारखान्यांसाठीही. एक लिटर बिअरमागे कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागत होतं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि नंतर ६० टक्क्यांनी कापा असा आदेश द्यावा लागला. ज्या समाजाची लढाई १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यापासून सुरू झाली, त्याच्या पोरांनी हा हिशोब विसरावा का?

घरी आल्यावर आम्ही पुस्तकं काढली. पंचशीलाचं पाचवं शील आपण रोज म्हणतो, पण शब्दांकडे बघत नाही. त्यात सुरा आणि मेरय असे दोन शब्द आहेत. पाली परंपरेत सुरा म्हणजे पीठ, भात अशा धान्यापासून आंबवलेलं पेय. मेरय म्हणजे फुलं, फळं, मध, गूळ यांपासून केलेलं. म्हणजे सातूची बिअर ही शब्दशः सुरा आहे आणि मोहाची, गुळाची ती मेरय. बिअर म्हणजे दारू नव्हे, ही आमची पळवाट अडीच हजार वर्षांपूर्वीच बंद झालेली होती. बुद्धाने त्यात किती टक्के हे विचारलं नाही, काय भाव हेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की याने प्रमाद होतो का? गाफीलपणा येतो का? आम्हाला चढली नव्हती. पण फोन पालथा झाला, तो प्रमाद नाही तर काय?

आता समाजशास्त्राच्या बाजूने बघू, कारण एम.ए. करताना हे शिकलो आणि स्वतःला लावायचं विसरलो. एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाची मांडणी केली. खालच्या मानलेल्या जाती मांस आणि दारू सोडतात, वरच्यांचे आचार उचलतात आणि वरचा दर्जा मागतात. वरच्या जाती तोपर्यंत पाश्चात्त्यीकरणाकडे निघालेल्या असतात, हेही त्यांनीच नोंदवलं. म्हणजे आपण सोडून पोचेपर्यंत ते दुसरं काही धरून पुढे गेलेले. काल सोवळं हे श्रेष्ठपणाचं लक्षण होतं, आज चव कळणं हे लक्षण आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू सांगतो तसं, आवडीनिवडी या वर्गाची सीमारेषा आखतात. आम्ही केळ्याचा आणि लवंगेचा वास ओळखायला शिकलो, तेव्हा खरं तर त्या रेषेच्या आत घ्या म्हणून अर्ज करत होतो.

बाबासाहेबांनी दारू सोडायला सांगितलं ते संस्कृतीकरण नव्हतं, हे आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दिलेल्या ज्या प्रतिज्ञांमध्ये दारू नाकारली, त्याच प्रतिज्ञांमध्ये ज्यांच्यासारखं व्हायचं म्हणून लोक दारू सोडतात त्यांचे देव आणि श्राद्धही नाकारले. ही कुणाची नक्कल नव्हती. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या त्या माणसाला आधुनिक दिसण्यासाठी ग्लासाची गरज पडली नाही. आम्हाला पुण्यात दोन संध्याकाळी पुरल्या.

आणि दुटप्पीपणा बघा. मोहाची दारू घरी गाळणं ब्रिटिशांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यासारख्या कायद्यांनी गुन्हा ठरवलं. आपला भाग तेव्हा निजामाकडे, तिथेही अबकारी ही तिजोरी भरायची मोठी वाट. आदिवासीने गाळली तर धाड, आणि आता मध्य प्रदेशात तीच मोहाची दारू हेरिटेज म्हणून सुबक बाटलीत विकली जाते. गरिबाची हातभट्टी जीव घेते. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली. साहेबाची ब्रुअरी संस्कृती ठरते. पण यातून आमच्यासारख्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. दोघांना एकच न्याय हवा, हे बरोबर. म्हणून आपणही महागडी प्यावी, हे कुठून आलं?

काही तरुण मित्र म्हणतील, गोमांसबंदीला विरोध करता, खाण्याच्या स्वातंत्र्यावर बोलता, मग बिअरवर शिकवण का? प्रश्न रास्त आहे. सरकारने घातलेली बंदी वेगळी आणि आपण समजून-उमजून घेतलेली प्रतिज्ञा वेगळी. आम्ही पोलिसांना बोलवा म्हणत नाही. पोलीस आले की कुणाच्या झोपडीत शिरतात हे आम्हाला माहीत आहे. ज्याने प्रतिज्ञा घेतलेली नाही, त्याच्या ग्लासाबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. पण प्रतिज्ञा घेऊन, वर इतरांना देऊन, आपल्यापुरती सूट काढणारे आपल्या चळवळीत वाढत आहेत. नोकरी लागली, शहरात फ्लॅट झाला, जयंतीच्या मिरवणुकीत पिणाऱ्या पोरांवर फेसबुकवर तावातावाने लिहायचं आणि शनिवारी मित्रांसोबत ब्रुअरीत बसायचं. आम्हीही त्यांच्यातलेच होतो. वस्तीतल्या बापाला शील आणि आपल्याला आस्वाद, अशी ही नवी वर्णव्यवस्था आपण आपल्याच घरात उभी करतो आहोत.

वर्षावास सुरू होता. पुढच्या पौर्णिमेला विहारात वाचन झाल्यावर आम्ही दोघं उभे राहिलो आणि सगळं सांगितलं. सहा वेळा, कुठे कुठे, किती पैसे, फोनचंही. सांगताना पाय कापत होते. सभा गप्प. एक तरुण उठून बाहेर गेला, तो नंतर महिनाभर आमच्याशी बोलला नाही; त्याचा राग योग्य होता.

मग पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या उपासिकेने विचारलं, "ताई, तुम्हाला कोणी उभं केलं का आज?"

आम्ही म्हटलं, नाही आजी, स्वतःहून उठलो.

"मग आमच्या लेकरांना कामून उभं करता? ह्या विहारात माझ्या पोराचं नाव घेऊन तुम्ही बोलले होते. तवापासून तो हिकडं फिरकला नाही. त्यालाबी सवताहून उठू द्या की."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पाच वर्षं आम्ही पिणाऱ्यांची नावं सभेत घेत होतो, आणि त्याला प्रबोधन म्हणत होतो. शीलाला पालीत सिक्खापद म्हणतात, शिकण्याची पायरी. आम्ही तिचा दंडुका केला होता.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. आम्ही ग्लास ठेवला, तो ठेवलेलाच आहे. आणि सभेत नाव घेणं बंद केलं. आता दर रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर बसतो. ज्याला यायचं तो येतो, पहिल्यांदा आम्ही आमचं सांगतो. आजीचा मुलगा तिसऱ्या रविवारी आला. लांब, लिंबाखाली बसला, काही बोलला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा आला. अजून पितो. पण येतो.

पुण्याला आम्हाला पुन्हा जायचं आहे, त्याच जागी. खुर्चीवरचा हक्क आम्ही सोडलेला नाही. बसू, पाणी मागू, आणि सेनगावचा तो पोरगा भेटला तर त्याच्याआधी आम्ही जय भीम म्हणू. फोन सरळ ठेवून.

नमो बुद्धाय. जय भीम!