काकूचा फोटो कुठल्या फोल्डरमध्ये होता

आतेभावाचा व्हॉट्सॲप आला तेव्हा मी मोहोळ स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघत होतो. पंढरपूर रस्त्यावरच्या एका फ्लेक्सचा फोटो, आणि खाली, "ही मामीच ना रे?"

मामी म्हणजे माझी काकू. पदर खोचलेला, हातात कडब्याची पेंढी, मागे उभी ज्वारी. वर मोठ्या अक्षरात, "कर्जाची चिंता आता सोडा!"

फोटो मीच काढला होता.

मी मोहोळात बसून पुण्यातल्या एका छोट्या जाहिरात कंपनीसाठी डिझाइन करतो. आम्ही चौघं, चार गावांत. ड्राइव्हवर आमचं एक सामायिक फोल्डर होतं, 'वापरायचे फोटो'. त्यात विकत घेतलेले स्टॉक फोटो, गुगलवरून उचललेले (खोटं कशाला बोलू) आणि आमच्या मोबाइलमधले, सगळे एकाच ढिगात. काकूचा फोटो मी टाकला, कारण स्टॉक साइटवर ज्वारी शोधली की बुटकी, लाल कणसांची परदेशी ज्वारी येते. आमची मालदांडी पुरुषभर उंच आणि मोत्यासारखी पांढरी. 'मालदांडी ३५-१' हे वाण मोहोळच्याच शेती संशोधन केंद्रात निवडलेलं. तिच्या शेजारी ती लाल ज्वारी लावली तर इथला शेतकरी हसेल. म्हणून काकू.

नव्या सहकाऱ्याला वाटलं, फोल्डरमध्ये आहे म्हणजे विकतचा आहे. त्याची चूक म्हणवत नाही. फाइलचं नाव नुसतं 'आयएमजी' आणि पुढे आकडे. ज्या फोटोंचं लायसन्स खरंच घेतलं होतं, त्यांच्या पावत्याही नोकरी सोडून गेलेल्या मुलीच्या ईमेलमध्ये.

फोटो फोल्डरमध्ये येतो, त्याचा कागद मागेच राहतो. फोटोच्या आत मालकाचं नाव लिहायची सोय असते, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती पुसली जाते. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे, एकदा पैसे देऊन अटींत राहून पुन्हा पुन्हा वापरायचा, हेही मला त्या आठवड्यातच नीट कळलं. आणि एकट्याच्या खात्यावर घेतलेला फोटो अख्ख्या टीमने वापरणं बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

यावर उपाय आहेत. २०१५ साली आलेल्या ॲडोबी स्टॉकमध्ये वॉटरमार्कवाला नमुना टीमच्या सामायिक लायब्ररीत ठेवून त्यावरच डिझाइन करता येतं. क्लायंटने होकार दिला की तिथूनच लायसन्स घ्यायचं, वॉटरमार्क जातो, केलेलं काम तसंच राहतं. आम्ही गरिबाघरचा मार्ग काढला. तीन फोल्डर केले, आणि प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची पावती किंवा परवानगीची पीडीएफ. पीडीएफ नाही, तर फोटो नाही.

मग काकूच्या फोटोची पीडीएफ करायची राहिली. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याप्रमाणे फोटो माझा. पण जाहिरातीत चेहरा वापरायचा तर त्या माणसाची वेगळी लेखी परवानगी घेतात, तिला मॉडेल रिलीज म्हणतात. इंटरनेटवरचा नमुना मी मराठीत उतरवला, प्रिंट काढली आणि घरी गेलो. फ्लेक्स तोवर उतरला होता. गावच्या ग्रुपवरून मात्र उतरला नव्हता.

काकू ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग, किती काढलंय म्हनं मी कर्ज?"

मला हसता येईना. काकांनी सोसायटीचं कर्ज फेडायला दोन म्हशी विकल्या होत्या. ते गावाला कळू नये म्हणून तिने काय काय केलं, मला माहीत होतं.

मी कागद वाचून दाखवला. कर्जाच्या, औषधाच्या जाहिरातीत वापरणार नाही, अशी ओळही घातली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आधी इचारलं असतंस तर केली असती सही," ती म्हणाली. "आता ऱ्हाऊ दे."

फोटो मी त्याच रात्री डिलीट केला. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तो तीस दिवस राहतो. मी दोनदा उघडून पाहिला, चांगला आला होता.

आमच्या फोल्डरमध्ये अजून ज्वारी नाही.