हिशोबाची पानं

नानाकाकांना गाडी चालवता येत नव्हती. गिरगावातल्या चाळीत त्या काळी येत होती कुणाला? तरीही मी पैसे भरून छापून घेतलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहिलंय की, 1965 साली या जिद्दी मराठी तरुणाने दुबई ते अबू धाबी हे वाळवंट एकट्याने मोटार हाकत पार केलं. मुखपृष्ठावर बुर्ज खलिफा. तो उघडला 2010 साली!

काका दुबईत एका ठेकेदाराकडे हिशोबनीस. मुंबईहून बोटीने आलेले, देरा भागात चौघांत एक खोली, वगैरे. अबू धाबीच्या कामावरच्या मजुरांचे पगार पोचवायला मालकाने त्यांना लँडरोव्हरने धाडलं, त्या प्रवासाची ही वही. सांगलीचं घर आवरताना चुलतभावाला रद्दीत सापडली, मी इथे आखातात बसून टाइप केली, प्रकाशकाकडे दिली. इथवर सगळं सरळ.

आज शेख झायेद रोडने दीड तास लागतो. तेव्हा डांबर नव्हतंच. मधे सबखा, म्हणजे मिठाची सपाट जमीन. वरून फरशीसारखी कडक दिसते, पापुद्रा फुटला की खाली लगदा. बलुची ड्रायव्हर उतरून पुढे चालत जायचा, टाच आपटून जमीन बघायचा, परत येऊन तेवढं अंतर गाडी काढायचा. पुन्हा उतरायचा. वाळू लागली की टायरमधली हवा कमी करायची, कडक जमीन आली की पायपंपाने भरायची. पंप मारणं काकांकडे. स्वतःबद्दल त्यांनी लिहिलंय ते एवढंच: हवा भरली, दोनदा उलटी झाली, पैशांची पेटी नजरेआड होऊ दिली नाही. बेटावर नेणारा अल-मक्ता पूल झाला 1968ला, त्यामुळे अबू धाबी बेटावर शिरताना खाडीतल्या कॉजवेवर काकांनी रामरक्षा म्हटली. ड्रायव्हर हसला, हेही लिहून ठेवलंय.

त्या ड्रायव्हरचं नाव वहीत पानोपानी आहे. पुस्तकात तो ‘सोबतचा एक माणूस’ झाला. ज्याने गाडी नेली तो सोबतचा! आणि वहीच्या शेवटची हिशोबाची तीन पानं सरळ गाळली. डब्यातलं पेट्रोल, पाणी, खजूर, पंक्चरची ठिगळं, खर्च सगळा रुपयांत. हे रुपये आपल्याच रिझर्व्ह बँकेने 1959पासून फक्त आखातासाठी काढलेले. जून 1966मध्ये आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्या लोकांनी ते सोडून दिले. म्हणजे ती पानं एका बुडत्या चलनातली. फोनवर प्रकाशकाला मी हे सगळं सांगितलं. उत्तर आलं, “वाचक हिशोब वाचत नाही, साहेब. त्याला संघर्ष लागतो.” अहो, टायरमध्ये हवा भरणं म्हणजे काय मग?

गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ आठवा. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी ते बदल करून छापलं. मूळ हस्तलिखिताबरहुकूम वाचायला दत्तो वामन पोतदारांच्या 1966च्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. पण वैद्यांनी छापलंच नसतं, तर पोतदारांपर्यंत तरी विषय गेला असता का? हे मनात आलं की माझा राग उतरतो. मग मुखपृष्ठ दिसतं.

घरातली वही छापायला देणाऱ्यांनी एक करावं. आतल्या मजकुराचं प्रूफ सगळेच मागतात, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ यांचंही मागावं, तेही लेखी. आणि मूळ वही हातातून सोडू नये.

चुलतभावाचं म्हणणं वेगळंच. “नाना हिरो झाले, तुझं काय जातंय?” काकूंनी तर पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय. इथे दिवाळीच्या कार्यक्रमात टेबल मांडलं, तर लोक बुर्ज खलिफा बघूनच थांबले आणि गठ्ठा संपला. सही द्यायला मला उभं केलं. दिली मी, आनंदाने दिली.

तरी हिशोबाच्या त्या पानांच्या झेरॉक्स काढून प्रत्येक प्रतीत घातल्या होत्या. शारजाहून एका निवृत्त अकाउंटंटचा फोन आला. प्रवासाबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या पानावरच्या बेरजेत आठ आण्यांचा फरक आहे म्हणाले.

मी तपासलं. आहे.